नवऱ्याचं रक्त बाधलं: १९३७ सालच्या एका बाळंतिणीचं प्रकरण

न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू हॉस्पिटलात १९३७ साली पंचवीस वर्षांची एक बाई दाखल झाली. दुसरी खेप, आठवा महिना, पाणी गेलेलं. बाळ जन्मलं ते मेलेलंच, आणि पोटात जाऊन त्याला बरेच दिवस झाले होते हे त्याच्याकडे बघूनच कळत होतं. बाईचं रक्त बरंच गेलं होतं. रक्त चढवायला हवं होतं.

रक्तपेढी ही गोष्ट तेव्हा अमेरिकेतही नवी होती. शिकागोत पहिली रक्तपेढी सुरू झाली ती त्याच वर्षी. रक्त लागलं की जिवंत दाता शोधायचा, गट जुळवायचा आणि लगेच द्यायचं, अशी रीत. इथे दाता शेजारीच उभा होता. बाईचा गट ओ, नवऱ्याचा गट ओ. त्या काळच्या ज्ञानाप्रमाणे याहून चांगली जोडी सापडणं अवघड. त्याचं अर्धा लिटर रक्त तिला दिलं गेलं.

दहाएक मिनिटांत तिला थंडी भरली, पाय आणि डोकं ठणकू लागलं. पुढच्या काही तासांत लघवीतून रक्त जाऊ लागलं. चढवलेल्या रक्तातल्या लाल पेशी तिच्या शरीरात फुटत होत्या. गट जुळत असतानाही.

इथे एखाद्याने ‘कधीकधी होतं असं’ म्हणून कागद मिटला असता. तिथल्या रक्तसंक्रमणाचं काम बघणारे रुफस स्टेटसन यांनी तिचं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारा पातळ द्रव, फिलिप लेव्हीन यांच्याकडे तपासायला दिलं. लेव्हीन साधे तंत्रज्ञ नव्हते. रक्तगटांचा शोध लावणारे कार्ल लँडस्टायनर यांच्या हाताखाली त्यांनी रॉकफेलर संस्थेत काम केलं होतं, आणि १९२७ साली दोघांनी मिळून एम, एन आणि पी हे नवे प्रतिजन, म्हणजे शरीर ज्यांवरून आपलं-परकं ओळखतं ते पेशींवरचे घटक, शोधले होते. ओ गटाच्या आतही माणसामाणसांत फरक असतो, हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं.

त्यांनी बाईचं सीरम नवऱ्याच्या पेशींत मिसळलं. गुठळ्या झाल्या. मग ओ गटाच्याच इतर दात्यांच्या पेशी घेतल्या. १०४ जणांपैकी ८० जणांच्या पेशी गोळा झाल्या, उरलेल्यांच्या झाल्या नाहीत. एम, एन, पी यांच्याशी या निवडीचा काही संबंध लागेना. आणखी एक बारीक गोष्ट त्यांनी नोंदवली, आणि मला तीच फार मोलाची वाटते: थंडीत गुठळ्या करणारी प्रतिपिंडं (परक्या घटकाला चिकटणारी रक्तातली प्रथिनं, अँटीबॉडी) पुष्कळांच्या रक्तात असतात आणि शरीराच्या उष्णतेत ती निरुपद्रवी होतात, पण या बाईचं सीरम ३७ अंशांवरही तितक्याच जोमाने काम करत होतं. म्हणजे प्रयोगशाळेतली गंमत नव्हती ती, शरीरात नुकसान करणारी चीज होती. न जुळणारे दाते बाजूला काढून निवडलेल्या दात्यांचं रक्त पुढे तिला दिलं, ते तिला मानवलं.

अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात जुलै १९३९ मध्ये हे सगळं जेमतेम दोन पानांत छापून आलं. लेखकांचा निष्कर्ष असा की बाळाने बापाकडून काहीतरी घेतलं होतं जे आईकडे नव्हतं, आणि त्या ‘काहीतरी’विरुद्ध आईच्या शरीराने प्रतिपिंडं तयार केली. बापाच्या लाल पेशींवरही तेच असल्यामुळे त्याचं रक्त तिला बाधलं. त्या प्रतिजनाला त्यांनी नाव मात्र दिलं नाही. पुढच्याच वर्षी लँडस्टायनर आणि अलेक्झांडर वीनर यांनी ऱ्हीसस माकडाच्या रक्तावरच्या प्रयोगांतून आरएच घटक जाहीर केला आणि नाव त्यांचं झालं. गंमत अशी की माकडाच्या रक्तावरच्या त्या प्रयोगांतून मिळालेलं प्रतिपिंड आणि या बाईचं प्रतिपिंड वेगवेगळ्या प्रतिजनांना चिकटतात, हे बऱ्याच वर्षांनी उलगडलं. तोवर ‘आरएच’ जगभर रुळलं होतं. आपल्या रिपोर्टवर ‘पॉझिटिव्ह’ किंवा ‘निगेटिव्ह’ असं जे छापलेलं असतं ते डी या प्रतिजनाबद्दल असतं, आणि त्या बाईच्या सीरममध्ये होतं ते बहुधा त्याच डीविरुद्धचं प्रतिपिंड.

‘शक्ती कमी झालेली असते’

आपल्याकडे गरोदर बाईला सगळे सांगतात: या दिवसांत प्रतिकारशक्ती कमी झालेली असते, जपून राहा. थोडं शिकलेले लोक पुढे जोडतात की ती कमी होते म्हणूनच तर अर्धं परकं बाळ पोटात टिकतं. ऐकायला पटतं. पण बेलव्ह्यूतल्या त्या बाईपुढे हे वाक्य ठेवून बघा. तिच्या शरीराने जे केलं ते दमलेल्या किंवा झोपलेल्या यंत्रणेचं काम नव्हतं. बापाकडून आलेलं एक प्रथिन तिने ओळखलं, त्याच्याविरुद्ध नेमकं प्रतिपिंड घडवलं, त्याचा साठा केला, आणि तेच प्रथिन असलेलं रक्त शिरेतून येताच दहा मिनिटांत हल्ला केला. कोणत्याही धडधाकट माणसाच्या शरीराने याहून वेगळं काय केलं असतं?

मग बाळ टिकतं कसं? हा प्रश्न ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ पीटर मेडावार यांनी १९५३ साली नीट मांडला आणि तीन शक्यता पुढे ठेवल्या: आई आणि गर्भ यांच्यामध्ये भिंत आहे, किंवा गर्भाचे प्रतिजन अजून पुरते तयार झालेले नसतात, किंवा आईची यंत्रणाच निष्क्रिय होते. तिसरी शक्यता आपल्या प्रकरणापुढे टिकत नाही. दुसरीही नाही, कारण डी प्रतिजन गर्भाच्या लाल पेशींवर पहिल्या तिमाहीतच दिसू लागतो. पहिली अर्धी खरी आहे, आणि खरी मौज त्या अर्ध्यात आहे.

वार (प्लेसेंटा) ही नुसती भिंत नाही. आईच्या रक्तात थेट बुडालेला वारेचा जो बाहेरचा थर असतो, त्याच्या पेशींवर एचएलए नावाच्या ओळखीच्या खुणा जवळजवळ नसतात. मूत्रपिंड बसवताना ज्या जुळवून बघतात, त्याच या खुणा. त्या नसतील तर आईच्या टी पेशींना, म्हणजे परक्यावर हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशींना, पकडायला काही सापडत नाही. वारेच्या ज्या पेशी गर्भाशयाच्या अस्तरात खोल घुसतात, त्यांच्यावर एचएलए-जी ही वेगळीच, सगळ्या माणसांत बहुतांशी सारखी असलेली खूण असते. अस्तरातल्या नैसर्गिक मारक पेशी ती वाचतात आणि मारण्याऐवजी रक्तवाहिन्या रुंद करायला मदत करतात. गरोदरपणाच्या सुरुवातीला अस्तरातल्या प्रतिकारपेशींपैकी बहुसंख्य याच मारक पेशी असतात. एवढी फौज तिथे जमते आणि ती काढून घेतली तर वार धड रुजत नाही. हल्ला आवरून धरणाऱ्या नियामक टी पेशीही तिथे वाढलेल्या सापडतात. म्हणजे आईची यंत्रणा तिथून हटलेली नाही. ती हजर आहे, कामात आहे, फक्त तिथलं काम निराळं आहे.

हा समझोता वारेशी झालेला आहे, बाळाच्या लाल पेशीशी नाही. लाल पेशीवर एचएलए-जी नसतं, तिच्याभोवती नियामक पेशींचा वेढा नसतो. ती आईच्या रक्तात शिरली की सरळ प्लीहेत पोचते, आणि तिथे कुठल्याही परक्या पेशीची जी चौकशी व्हायची ती तिचीही होते. अशा पेशी गरोदरपणात अधूनमधून झिरपतात. बाळंतपणाच्या वेळी वार सुटताना मात्र त्या चांगल्याच संख्येने जातात, आणि एक मिलिलिटरपेक्षा कमी रक्तही पुरेसं ठरू शकतं.

इतर उदाहरणंही हेच सांगतात. संधिवाताच्या पुष्कळ स्त्रियांचे सांधे गरोदरपणात सुखावतात आणि बाळंतपणानंतर पुन्हा धरतात. अमेरिकन डॉक्टर फिलिप हेंच यांनी हे १९३८ साली नोंदवलं आणि त्याच धाग्याने ते पुढे कॉर्टिसोन या औषधापर्यंत पोचले. ल्युपस हा प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार मात्र गरोदरपणात भडकू शकतो. २००९ च्या स्वाइन फ्लूत गरोदर बायकांची प्रकृती इतरांपेक्षा जास्त बिघडली, आणि दूषित पाण्यातून येणारी हेपॅटायटिस ई ही कावीळ तर शेवटच्या तिमाहीत जीवघेणी ठरू शकते. एक आजार दबतो, एक उसळतो, एक फार जड जातो. यंत्रणेची ताकद सरसकट ‘कमी’ झाली असती तर असा खेळ दिसला नसता. अर्थात ‘जपून राहा’ हा सल्ला बरोबरच आहे, चुकतं ते त्यामागचं कारण.

बाण उलट दिशेने

लेव्हीन आणि स्टेटसन यांनी १९३९ साली गोष्ट अर्धीच सांगितली होती. त्यांच्या लेखात बाण बाळाकडून आईकडे जातो: बाळातल्या परक्या घटकामुळे आईत प्रतिपिंड तयार झालं. हेच प्रतिपिंड वार ओलांडून बाळाकडे गेलं असेल आणि बाळ त्यानेच गेलं असेल, हे त्यांनी तेव्हा म्हटलं नाही.

उलटा बाण दुसऱ्याच व्यक्तीने आधी ओढून ठेवला होता. शिकागोच्या रुथ डॅरो या पॅथॉलॉजिस्ट. त्यांचं स्वतःचं मूल याच आजाराने गेलं होतं. जन्मतःच सुजलेलं मेलेलं बाळ, जन्मल्या दिवशीच पिवळंजर्द होणारं बाळ आणि फिकट पडत जाणारं बाळ, ही तिन्ही एकाच आजाराची रूपं आहेत हे बोस्टनच्या डायमंड, ब्लॅकफॅन आणि बॅटी यांनी १९३२ साली दाखवलं होतं. डॅरो यांनी १९३८ साली उपलब्ध सगळे दाखले तपासले, आणि पहिलं मूल बहुधा सुटतं नि पुढची सापडतात या एका गोष्टीवरून अनुमान काढलं की आई बाळाच्या कशाविरुद्ध तरी प्रतिपिंडं तयार करत असली पाहिजे. त्यांचा संशय मात्र गर्भाच्या हिमोग्लोबिनवर होता. आरोपी चुकला, पण गुन्हा कसा घडला ते बरोबर ओळखलं.

लेव्हीन आणि सहकाऱ्यांनी १९४१ साली दोन्ही बाण जोडले. अशी बाळं झालेल्या आयांचे गट तपासले तर त्या फार मोठ्या प्रमाणात आरएच निगेटिव्ह निघाल्या, नवरे आणि मुलं पॉझिटिव्ह. बेलव्ह्यूच्या प्रकरणाचा पूर्ण अर्थ तेव्हा लागला.

आता आपण मागे वळून त्या बाईची गोष्ट अशी वाचू शकतो. पहिल्या खेपेला, बहुधा बाळंतपणाच्या वेळी, पॉझिटिव्ह पेशी तिच्या रक्तात गेल्या. पहिली ओळख सावकाश होते: काही आठवडे, कधी महिने. सुरुवातीला आयजीएम जातीची मोठी प्रतिपिंडं तयार होतात आणि ती वार ओलांडू शकत नाहीत. तोवर पहिलं बाळ बाहेर आलेलं असतं. पण स्मृतिपेशी राहतात. दुसऱ्या खेपेला थोड्याशाच पेशी झिरपल्या की काही दिवसांत आयजीजी जातीची प्रतिपिंडं भराभर तयार होतात, आणि आयजीजीसाठी वारेत खास वाहतूक आहे. एफसीआरएन नावाचा एक ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे वारेच्या पेशींतलं पकडून धरणारं प्रथिन) आयजीजीला आईच्या रक्तातून उचलतो आणि बाळाच्या रक्तात सोडतो. दुसऱ्या तिमाहीत ही ने-आण वाढते, शेवटच्या तिमाहीत तर इतकी की दिवस भरलेल्या बाळाच्या रक्तात आयजीजी आईपेक्षाही जास्त असतं.

ही वाहतूक बाळाच्या भल्यासाठीच आहे. गरोदर बाईला टीडीची इंजेक्शनं देतात ती याच वाटेवर भरवसा ठेवून: धनुर्वाताविरुद्धचं आईचं प्रतिपिंड बाळात पोचावं म्हणून. नवजात धनुर्वाताचं भारतातून निर्मूलन झाल्याचं २०१५ साली जाहीर झालं, त्यात सुरक्षित बाळंतपणांइतकाच या वाटेचा वाटा आहे. पण एफसीआरएनला प्रतिपिंड कशाविरुद्ध आहे ते कळत नाही. धनुर्वाताविरुद्धचं असो की बाळाच्या स्वतःच्या लाल पेशींविरुद्धचं, तो उचलतो आणि नेतो.

बाळात पोचल्यावर ते लाल पेशींना चिकटतं. बाळाची प्लीहा त्या पेशी गिळते. रक्त कमी पडतं म्हणून अस्थिमज्जा, यकृत, प्लीहा सगळे मिळून अर्धवट तयार पेशीही रक्तात सोडू लागतात. यकृत या कामात इतकं गुंततं की प्रथिनं कमी पडतात, हृदय थकतं, आणि बाळाच्या पोटात, छातीत, कातडीखाली पाणी साठतं. बेलव्ह्यूचं बाळ बहुधा या वाटेने गेलं. जी बाळं जन्मापर्यंत टिकतात त्यांच्यावर दुसरं संकट येतं: फुटलेल्या पेशींतून निघणारं बिलिरुबिन हे पिवळं द्रव्य आजवर वारेतून आई निस्तरत होती, नाळ कापल्यावर ते एकट्या बाळावर येतं आणि त्याचं कोवळं यकृत पुरं पडत नाही. काविळीवर वेळेत उपचार झाला नाही तर ते मेंदूत उतरतं.

लेव्हीन यांना नळीत गुठळ्या दिसल्या त्या बहुधा आयजीएममुळे. नुसतं आयजीजी असतं तर साध्या मिठाच्या पाण्यातल्या चाचणीत काहीच दिसलं नसतं, कारण डीविरुद्धचं आयजीजी पेशींना चिकटतं पण गुठळी करत नाही. ते दाखवणारी चाचणी कूम्ब्स, मूरंट आणि रेस यांनी १९४५ साली काढली. म्हणजे नळीत जे दिसलं त्याने बाळाला बहुधा मारलं नव्हतं, आणि ज्याने मारलं ते नळीत दिसणारच नव्हतं. दोन्ही एकाच सीरममध्ये होती म्हणून प्रकरण उघडकीला आलं.

एखाद्या रोग्याच्या हट्टी सीरममागे लागून नवा गट सापडण्याची गोष्ट मुंबईतही घडली आहे. केईएम हॉस्पिटलात डॉ. य. म. भेंडे आणि सहकाऱ्यांना अशा व्यक्ती सापडल्या की त्यांचं सीरम ओ गटासकट सगळ्या गटांच्या पेशी गोळा करत होतं. १९५२ साली तो ‘बॉम्बे’ गट म्हणून जगापुढे आला. रीत तीच होती: चालायला हवं ते रक्त चाललं नाही, तर रोग्याला विचित्र न ठरवता चाचणीच्या गृहीतकावर संशय घ्यायचा.

रक्तगट ‘सारखा’ असण्याची भीती

लग्न ठरवताना महाराष्ट्रात अजूनही विचारतात: मुलामुलीचा रक्तगट एकच आहे, चालेल ना? मुलात व्यंग येईल असं काहींना वाटतं. तसं काही होत नाही. दोघं ओ पॉझिटिव्ह असतील किंवा दोघं बी पॉझिटिव्ह, इथे सांगितलेला धोका त्यांना नाहीच.

पण लेव्हीन यांनीच १९४३ साली एक निरीक्षण नोंदवलं आणि त्यात या भीतीचं एक विचित्र, अगदी मर्यादित प्रतिबिंब दिसतं. आरएच आजाराची बाळं ज्या जोडप्यांत होतात त्यांत नवऱ्याचा एबीओ गट बायकोला चालणारा असण्याचं प्रमाण अपेक्षेपेक्षा जास्त आहे. उलट बायको ओ निगेटिव्ह आणि बाळ ए पॉझिटिव्ह असेल तर धोका घटतो. कारण उघड आहे. बाळाच्या ए पेशी आईत शिरताच तिच्या जन्मजात ए-विरोधी प्रतिपिंडांच्या तावडीत सापडतात आणि डीची ओळख पटायच्या आत नष्ट होतात. उपाययोजना नसताना, गट जुळत असेल तर साधारण १६ टक्के निगेटिव्ह आयांमध्ये प्रतिपिंडं तयार होत, जुळत नसेल तर २ टक्क्यांच्या आसपास. बेलव्ह्यूचं जोडपं ओ आणि ओ होतं. गट जुळत होता म्हणूनच बाळाच्या पेशी आईच्या रक्तात टिकल्या, आणि गट जुळतो म्हणूनच नवऱ्याचं रक्त निवडलं गेलं. एकाच कारणाने तिला दोनदा अडचणीत आणलं.

या निरीक्षणातूनच इलाज निघाला. इंग्लंडात लिव्हरपूलला सिरिल क्लार्क आणि रोनाल्ड फिन यांनी विचार केला की निसर्ग ए-विरोधी प्रतिपिंडाने जे करतो ते आपण डी-विरोधी प्रतिपिंड टोचून करू. क्लार्क हे पेशाने डॉक्टर आणि छंदाने फुलपाखरांच्या आनुवंशिकतेचे अभ्यासक. पंखांवरच्या रंगांची पिढ्यान्‌पिढ्यांची गणितं मांडणारा माणूस रक्तगटांकडे वळला. त्यांनी आधी आयजीएम वापरून पाहिलं आणि ते फसलं, पेशी हटण्याऐवजी आईची प्रतिक्रिया उलट वाढली. मग आयजीजी वापरलं आणि जमलं. न्यूयॉर्कमध्ये फ्रेडा, गोरमन आणि पोलॅक हे तिघं वेगळ्या वाटेने त्याच जागी पोचले होते, त्यांनी सिंगसिंग तुरुंगातल्या स्वयंसेवक कैद्यांवर चाचण्या घेतल्या. अमेरिकेत १९६८ साली हे इंजेक्शन बाजारात आलं. त्या बाईचं बाळ गेल्याला तेव्हा ३१ वर्षं झाली होती.

हे इंजेक्शन कारखान्यातल्या रसायनातून बनत आलेलं नाही. ज्यांच्या रक्तात डी-विरोधी प्रतिपिंड आहे अशा दात्यांच्या रक्तद्रवातून ते काढतात. ऑस्ट्रेलियाचे जेम्स हॅरिसन यांनी असं ११७३ वेळा रक्तद्रव दिलं, २०१८ साली वयाच्या मर्यादेमुळे थांबले आणि २०२५ मध्ये वारले. ज्या प्रतिपिंडाने बेलव्ह्यूच्या बाळाचा जीव घेतला, तेच मोजून-मापून, योग्य वेळी दिलं की बाळ वाचतं. आईच्या यंत्रणेला ते नेमकं कसं गप्प ठेवतं यावर अजून शास्त्रज्ञांचं एकमत नाही. पेशी लवकर साफ होतात हे एक कारण, पण तेवढ्याने सगळं स्पष्ट होत नाही.

हीच बाई आज आली असती तर

समजा ती आज पुण्यात किंवा नाशकात पहिल्या खेपेला नाव नोंदवायला आली. पहिल्याच तपासणीत रक्तगट होतो. भारतात निगेटिव्ह लोक पाच-सहा टक्के, युरोपीय वंशाच्या लोकांत पंधराच्या आसपास. लेव्हीन यांच्या १०४ दात्यांत चोवीस जणांचं रक्त तिच्या सीरमसोबत शांत राहिलं. तीच चाचणी मुंबईत केली असती तर असे पाच-सहाच निघाले असते. निगेटिव्ह रक्तासाठी नातेवाइकांची जी धावाधाव होते ती यामुळेच.

निगेटिव्ह निघाली की नवऱ्याचा गट बघतात. तोही निगेटिव्ह असेल तर विषय तिथेच संपतो. पॉझिटिव्ह असेल तर आयसीटी, म्हणजे अप्रत्यक्ष कूम्ब्स चाचणी: आईच्या रक्तात डी-विरोधी प्रतिपिंड आधीच आहे का? ‘निगेटिव्ह’ आली तर चांगलं. अठ्ठाविसाव्या आठवड्याला अँटी-डीचं, म्हणजे त्याच डी-विरोधी प्रतिपिंडाचं, ३०० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन, आणि बाळ पॉझिटिव्ह जन्मलं तर ७२ तासांच्या आत पुन्हा. एवढं इंजेक्शन बाळाचं सुमारे ३० मिलिलिटर रक्त निस्तरू शकतं. पोटाला मार लागला, मध्येच रक्तस्राव झाला, गर्भजल तपासलं, गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत राहिला, तरी ते लागतं. बारा आठवड्यांच्या आतल्या गर्भपाताला त्याची गरज नाही असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली म्हटलं आहे, तरी आपल्याकडे पुष्कळ डॉक्टर ते देतात, आणि मला त्यात वावगं वाटत नाही: नेमके किती आठवडे झाले हे जिथे अंदाजाने सांगितलं जातं, तिथे इंजेक्शन देऊन मोकळं होणं शहाणपणाचं.

घोळ होतो तो एका जागी. अठ्ठाविसाव्या आठवड्याचं इंजेक्शन घेतल्यावर आयसीटी केली तर ती बारीकशी पॉझिटिव्ह येऊ शकते, कारण टोचलेलं प्रतिपिंडच त्यात दिसतं. घरचे घाबरतात. इंजेक्शनची तारीख फाइलमध्ये ठळक लिहिलेली असली की हा घोळ टळतो.

आणि ती दुसऱ्या खेपेलाच आली असती, आयसीटी आधीच खरोखरची पॉझिटिव्ह? मग अँटी-डीचा उपयोग नाही. स्मृती तयार झाली, ती पुसता येत नाही. प्रतिपिंडाचं प्रमाण मोजत राहायचं. ते १:१६ किंवा १:३२ च्या वर गेलं, म्हणजे सीरम तितक्या पट पातळ करूनही प्रतिपिंड दिसू लागलं, की सोनोग्राफीच्या डॉपलरने बाळाच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीतला वेग बघायचा. रक्त पातळ झालं की ते जोरात धावतं, वेग त्या आठवड्याच्या नेहमीच्या आकड्याच्या दीडपट झाला तर बाळ रक्तक्षयात आहे असं धरतात. सुई न टोचता बाळाचा रक्तक्षय ओळखण्याची ही युक्ती २००० साली पक्की झाली. त्याआधी विल्यम लायली यांच्या रीतीने गर्भजल काढून त्याचा पिवळेपणा मोजत. लायली यांनीच १९६३ साली न्यूझीलंडमध्ये पोटातल्या बाळाला पहिल्यांदा रक्त दिलं. आता सोनोग्राफीवर बघत बघत नाळेच्या शिरेत ओ निगेटिव्ह लाल पेशी देतात, गरज पडली तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा. बेलव्ह्यूच्या बाळाला तेव्हा ही एकच गोष्ट वाचवू शकली असती.

बाईला रक्त लागलंच तर ते नवऱ्याचं नक्कीच देणार नाहीत. मूल होण्याच्या वयातल्या स्त्रीला नवऱ्याचं रक्त देऊ नये, हा नियम रक्तपेढीत काम करणारा कुणीही न विचारता सांगेल.

अलीकडचा प्रयोग थेट वारेतल्या वाहतुकीवर आहे. निपोकॅलिमॅब हे औषध एफसीआरएनलाच अडवतं. यापूर्वी ज्यांची बाळं या आजारात लवकर, तीव्रपणे सापडली होती अशा १३ गरोदर स्त्रियांना ते दिलं, आणि त्यांपैकी ७ जणींची बाळं पोटात रक्त न देता बत्तीस आठवड्यांच्या पुढे जाऊन जिवंत जन्मली. हे निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले, मोठी चाचणी त्यापुढची. वाट अडवली की धनुर्वाताविरुद्धचं प्रतिपिंडही बाळाकडे कमी जाणार, शिवाय आईच्या स्वतःच्या रक्तातली आयजीजीची पातळीही उतरते. त्यामुळे हे औषध घेतलेल्या आईवर आणि बाळावर जन्मानंतर संसर्गासाठी बारीक लक्ष ठेवावं लागतं.